मिठागरातून वाहणारं रक्त: किडनी लघवी तीव्र कशी करते

सकाळी उठल्यावरची पहिली लघवी दिवसभरातल्या लघवीपेक्षा गडद असते. रात्रभर आपण पाणी पीत नाही, पण श्वासावाटे आणि त्वचेतून ते जातच राहतं. मग किडनी हात आखडता घेते आणि तेवढाच कचरा थोड्या पाण्यात बाहेर टाकते. इथपर्यंत सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण किडनी हे पाणी मागे कसं ठेवते, असं विचारलं की उत्तर अडतं. कारण शरीरात पाणी ओढणारा पंप नाही. सोडियमचे पंप आहेत, कॅल्शियमचे आहेत, आम्लाचे आहेत. पाण्याचा मात्र एकही नाही. पाण्याला एकच नियम माहीत असतो: विरघळलेले कण जिकडे जास्त, तिकडे जायचं. यालाच परासरण म्हणतात.

आता खरी अडचण पाहा. रक्तात विरघळलेल्या कणांचं प्रमाण सुमारे ३०० मिलिऑस्मोल असतं. एका लिटर पाण्यात किती कण आहेत, ते मोजायचं हे माप आहे, एवढं समजलं तरी पुढचं सगळं कळेल. निरोगी तरुण माणसाची लघवी गरज पडली तर १२०० मिलिऑस्मोलपर्यंत तीव्र होऊ शकते, म्हणजे रक्ताच्या चौपट. लघवीतलं पाणी तिथवर काढून घ्यायचं असेल तर शेजारी कुठेतरी १२०० इतकीच खारट जागा हवी, नाहीतर पाणी तिकडे जाणारच नाही. ती जागा किडनीच्या अगदी आतल्या गाभ्यात आहे. एका अर्थाने प्रत्येक माणूस पोटात एक छोटं मिठागर बाळगून असतो.

हे मिठागर जिवंत पेशींचं आहे. जिवंत पेशींना रक्त लागतं, आणि रक्त असतं ३०० चं. खारट जागेतून पातळ रक्त मोकळेपणाने वाहू दिलं तर ते मीठ धुऊन नेणार. अडवून धरलं तर पेशी गुदमरून मरणार. या दोन टोकांच्या मधली वाट किडनीने कशी काढली, हे मला शरीरशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं. आणि तिची खरी किंमत फारशी कोणी सांगत नाही, याची खंतही वाटते. शाळा-कॉलेजच्या आकृतीत हेन्लेचा पाश, म्हणजे किडनीतल्या बारीक नळीचं लांब वळण, ठळक काढलेला असतो. त्याला चिकटून जाणारी रक्तवाहिनी मात्र बहुतेक वेळा गाळलेलीच असते. ती वाहिनी गाळली की गोष्ट अर्धी राहते.

श्रीमंत अवयव, गरीब गाभा

दोन्ही किडन्यांचं वजन मिळून साधारण ३०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या अर्ध्या टक्क्याहून कमी. तरी आपण स्वस्थ बसलेलो असताना हृदय दर मिनिटाला जितकं रक्त बाहेर टाकतं, त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. हे मिनिटाला एक लिटरहून जास्त झालं. ग्रॅमला ग्रॅम हिशेब केला तर मेंदू आणि हृदयाचा स्नायूसुद्धा इतकं रक्त घेत नाहीत. यातून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला दीडेक लिटरच लघवी म्हणून बाहेर पडतो. उरलेलं सगळं परत रक्तात जातं.

किडनी उभी कापली तर दोन भाग स्पष्ट दिसतात. बाहेरचा थर लालसर तपकिरी आणि बारीक दाणेदार असतो, त्याला कॉर्टेक्स म्हणतात. आत शंकूच्या आकाराचे आठ ते अठरा तुकडे दिसतात. त्यांना पिरॅमिड म्हणतात, त्यांची टोकं आतल्या बाजूला वळलेली असतात आणि त्यांच्यावर उभ्या रेघा असतात. हा भाग म्हणजे मेड्युला. मी त्याला गाभाच म्हणेन. त्या रेघा म्हणजे एकमेकींना समांतर, अगदी दाटीने उभ्या असलेल्या नळ्या आणि रक्तवाहिन्या. ही मांडणी लक्षात ठेवा, पुढची सगळी करामत तिच्यावरच उभी आहे.

किडनीत आलेल्या रक्तातलं साधारण ९० टक्के रक्त कॉर्टेक्समध्येच फिरून परत जातं. गाभ्याच्या वाट्याला उरतं १० टक्क्यांच्या आसपास, आणि पिरॅमिडच्या टोकापर्यंत जेमतेम एक-दोन टक्के पोचतं. घरात धान्याची कोठारं भरलेली आणि आतल्या खोलीत माणसं अर्धपोटी, असं काहीसं हे चित्र आहे. ही निसर्गाची चूक नाही. हा उपास मुद्दाम घडवलेला आहे.

त्यातून काय मिळतं तेही पाहू. साध्या आहारावर शरीराला दिवसाला साधारण ६०० मिलिऑस्मोल इतका विरघळलेला कचरा टाकावा लागतो. त्यात मुख्यतः युरिया आणि क्षार असतात. लघवी १२०० पर्यंत तीव्र करता आली तर हे काम अर्ध्या लिटरमध्ये होतं. लघवी रक्ताइतकीच, म्हणजे ३०० चीच राहिली असती तर त्याच कामाला दोन लिटर लागले असते. प्यायला पाणी मिळो वा न मिळो, रोजचे दोन लिटर गेलेच असते. जमिनीवर राहणाऱ्या प्राण्याला हा फरक जगण्या-मरण्याचा आहे.

समुद्राचं पाणी पिऊन तहान का भागत नाही, याचं उत्तरही याच हिशेबात आहे. ते पाणी साधारण आपल्या सगळ्यात तीव्र लघवीइतकंच खारट असतं. एक लिटर प्यायल्यावर त्यातलं मीठ आणि शरीराचा स्वतःचा कचरा मिळून बाहेर टाकायला दीड लिटर लघवी लागते. म्हणजे एक लिटर पिऊन अर्धा लिटर उलट गमावला. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला उड्या मारणारा एक छोटा उंदीर ९००० मिलिऑस्मोलच्याही वर जातो, त्यामुळे तो पाणी न पिता कोरड्या बियांवर जगू शकतो. उलट सतत पाण्यात वावरणाऱ्या बीव्हरची मजल ५०० च्या आसपासच संपते. बेडकाला तर हेन्लेचा पाश नसतोच, त्याची लघवी रक्तापेक्षा तीव्र होऊच शकत नाही.

मिठाचा ढीग रचला कसा जातो

प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख गाळणनळ्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. त्यांतल्या काहींची नळी कॉर्टेक्समधून निघून गाभ्यात खोल उतरते, वळते आणि जवळून परत वर येते. केसांच्या पिनेसारखं हे वळण जर्मन शरीररचनातज्ज्ञ याकोब हेन्ले यांनी १८६२ मध्ये वर्णन केलं. त्यांना त्याचा आकार दिसला होता. त्याचं काम कळायला पुढे जवळजवळ शंभर वर्षं गेली.

या पिनेच्या दोन बाजूंचे स्वभाव अगदी उलटे आहेत. उतरत्या नळीतून पाणी सहज बाहेर जाऊ शकतं. चढत्या नळीची भिंत पाण्याला अजिबात वाट देत नाही, पण तिचा जाड भाग मीठ ओढून बाहेरच्या ऊतीत टाकतो. या भागाचा जोर मर्यादित आहे. नळीच्या आत आणि बाहेर तो २०० मिलिऑस्मोलच्या आसपासच फरक पाडू शकतो. मग १२०० येतात कुठून?

समजा, सुरुवातीला सगळीकडे ३०० आहे. पंप चालू झाला: चढत्या नळीत २००, बाहेर ४००. शेजारच्या उतरत्या नळीतून पाणी बाहेर गेलं आणि तिथला द्रवही ४०० झाला. आता वरून नवा द्रव आला आणि सगळी रांग पुढे सरकली. ४०० चा द्रव वळण घेऊन चढत्या बाजूला आला. पंपाला आता ४०० पासून सुरुवात करायला मिळते, म्हणून तो आत ३०० आणि बाहेर ५०० करतो. पुन्हा रांग सरकली, पुन्हा पंप. दर खेपेला मिठाची थोडी थोडी भर वळणापाशी साठत जाते. पंपाची ताकद वाढलेली नसते. नळीचा आकार आणि प्रवाहाच्या उलटसुलट दिशा मिळून त्याच ताकदीचा गुणाकार होतो.

ही कल्पना डॉक्टरची नव्हती. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या वेर्नर कून या भौतिक-रसायनशास्त्रज्ञाने ती १९४२ मध्ये मांडली. पटायला वेळ लागला. अमेरिकेत मूत्रपिंडशास्त्रातलं सर्वांत मोठं नाव असलेले होमर स्मिथ यांनीही ती सुरुवातीला स्वीकारली नव्हती. १९५१ मध्ये हाइनरिश विर्त्स यांनी कून आणि हार्गिताय यांच्यासोबत उंदरांच्या किडनीचे गोठवलेले पातळ काप तपासले. खारट पाणी कमी तापमानाला गोठतं आणि वितळतं, म्हणून कापातला बर्फ कोणत्या तापमानाला वितळतो ते पाहिलं की तिथली तीव्रता कळते. कॉर्टेक्सपासून पिरॅमिडच्या टोकाकडे जाताना तीव्रता पायरीपायरीने वाढत गेलेली दिसली. दोन वर्षांनी विर्त्स यांनी टोकाजवळच्या बारीक रक्तवाहिनीतलं रक्त मिळवून मोजलं. ते जवळजवळ लघवीइतकंच तीव्र निघालं. रक्त! शरीरात इतर सगळीकडे ज्या रक्ताची तीव्रता जराशी हलली तरी तहान लागते, मेंदू अस्वस्थ होतो, तेच रक्त इथे काही क्षणांसाठी चौपट खारट होतं आणि वर येईपर्यंत पुन्हा बरंचसं ताळ्यावर येतं.

या ढिगात मिठाइतकाच मोठा वाटा युरियाचा असतो. टोकापाशी सुमारे निम्मी तीव्रता त्याची असते. प्रथिनांच्या विघटनातून उरलेला हा कचरा किडनी लगेच फेकत नाही. संग्राहक नलिकेच्या, म्हणजे नेफ्रॉनांतला द्रव गोळा करून खाली नेणाऱ्या नळीच्या, शेवटच्या भागातून त्यातला काही ऊतीत सोडते आणि पाणी ओढण्यासाठी वापरून घेते. प्रथिनं फारच कमी खाणाऱ्या माणसाची लघवी पुरेशी तीव्र होत नाही, ती यामुळेच.

ढीग तयार झाल्यावर बाकीचं काम सोपं आहे. लघवी होऊ घातलेला द्रव संग्राहक नलिकेतून याच खारट प्रदेशातून खाली उतरतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारं व्हॅसोप्रेसिन हे हार्मोन त्या नलिकेच्या भिंतीत पाण्याची दारं बसवतं. ॲक्वापोरिन नावाच्या या दारांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ चं नोबेल मिळालं. दारं उघडी असली की पाणी खारट ऊतीकडे निघून जातं आणि लघवी तीव्र होते. बंद असली की पाणी तसंच बाहेर पडतं आणि लघवी ५० मिलिऑस्मोलइतकी पातळही होऊ शकते.

पण ऊतीत आलेलं हे पाणी पुढे कुठे जातं? ते तिथेच राहिलं तर ढीग पातळ होईल. ते उचलून न्यायचं, आणि नेताना मिठाला धक्का लावायचा नाही. हे काम रक्ताचं आहे.

बदकाचे पाय आणि सरळ वाहिन्या

बर्फावर उभं राहिलेलं बदक डोळ्यांसमोर आणा. त्याच्या पायात ऊबदार रक्त जात राहिलं तर सगळी ऊब बर्फात जाईल. पण पायात खाली जाणारी धमनी आणि वर येणारी शीर एकमेकींना चिकटून असतात. खाली जाणारं गरम रक्त आपली ऊब शेजारून वर येणाऱ्या थंड रक्ताला देऊन टाकतं. पायापर्यंत थंड रक्त पोचतं, अंगात ऊबदार रक्त परततं. ऊब वरच्या वर फिरत राहते.

किडनीच्या गाभ्यातल्या रक्तवाहिन्यांनाही हीच युक्ती साधलेली आहे, फक्त इथे उबेच्या जागी मीठ आणि युरिया आहेत. या वाहिन्यांना लॅटिनमध्ये वासा रेक्टा म्हणतात, म्हणजे सरळ वाहिन्या. गाभ्याच्या सीमेजवळच्या गाळणगुच्छांतून, म्हणजे रक्त जिथे गाळलं जातं त्या बारीक वाहिन्यांच्या झुबक्यांतून, बाहेर पडणाऱ्या रक्तवाहिन्यांपासून त्या निघतात, सरळ खाली उतरतात, वळतात आणि शेजारून वर येतात. खाली उतरताना रक्त खारट होत जाणाऱ्या थरांतून जातं. मीठ आणि युरिया त्यात शिरतात, पाणी बाहेर पडतं. टोकाशी ते भोवतालाइतकंच खारट होतं. वर चढताना भोवताल कमी कमी खारट होत जातो, मग तेच मीठ परत ऊतीत उतरतं आणि पाणी आत येतं. गाभ्यातून बाहेर पडताना रक्त आत आलं त्यापेक्षा जरासंच तीव्र असतं.

म्हणजे या वाहिन्या ढीग रचत नाहीत, तो राखतात. रचण्याचं काम हेन्लेच्या पाशाचं. या दोन कामांची गल्लत फार होते, म्हणून मुद्दाम वेगळं सांगतो.

आत जाणाऱ्या रक्तापेक्षा बाहेर येणारं रक्त जास्त असतं. वर येणाऱ्या वाहिन्यांची संख्याही जास्त असते आणि त्यांच्या भिंतींना बारीक झरोके असतात. गाळणीतून जाताना रक्तातलं पाणी कमी होऊन प्रथिनं दाट झालेली असतात, आणि ही प्रथिनं ऊतीतलं पाणी आपल्याकडे खेचतात. संग्राहक नलिकेतून वाचवलेलं पाणी असं पुन्हा शरीरात येतं. रात्री तुम्ही झोपेत असताना वाचलेला प्रत्येक घोट याच वाटेने परत येतो.

या देवघेवीला वेळ लागतो. रक्त घाईने गेलं तर वर चढताना मीठ पुरतं परत देणं जमत नाही आणि ते वाहून जातं. म्हणून प्रवाह मंद हवा. उतरत्या वाहिन्यांभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशी असतात, त्या वाहिनी आवळू किंवा सैल करू शकतात. शरीर कोरडं पडलं की व्हॅसोप्रेसिन नलिकेत पाण्याची दारं बसवतं, आणि गाभ्यातला रक्तप्रवाह आणखी कमीही करतं. एकाच हार्मोनने दोन्ही बाजूंनी पाणी वाचवायचं, ही रचना पाहून मन भरून येतं.

लाल रक्तपेशींचंही इथे ऐकण्यासारखं आहे. थोड्या क्षणांत ३०० मधून १२०० मध्ये आणि परत ३०० मध्ये जायचं, तर पेशी आधी आक्रसून मग फुगायला हवी. पण तिच्या भिंतीत युरियाला झटपट आत-बाहेर सोडणारं एक प्रथिन असतं. खाली जाताना युरिया लगेच आत येतो, वर येताना लगेच बाहेर जातो. रक्तगट ठरवण्याच्या ‘किड’ नावाच्या पद्धतीत ज्या प्रथिनावरून गट ठरतो, ते हेच. काही थोड्या लोकांत ते जन्मतः नसतं. ती माणसं एरवी धडधाकट असतात, पण त्यांची लघवी ८०० मिलिऑस्मोलच्या आसपास अडते. रक्तपेशी युरिया वेळेत परत देत नाही, तो तिच्यासोबत गाभ्याबाहेर जातो आणि ढीग कमी पडतो. हेन्लेचा पाश ठणठणीत, हार्मोन ठीक. दोष रक्तपेशीतल्या आणि सरळ वाहिन्यांच्या भिंतीतल्या याच प्रथिनाचा, आणि परिणाम लघवीवर.

याची किंमत: ऑक्सिजन

बदकाचे पाय थंड राहतात, हे विसरू नका. उलट दिशांनी वाहणाऱ्या दोन वाहिन्या शेजारी ठेवल्या की एका बाजूचं दुसऱ्या बाजूला आडवाटेने जातं. मीठ खाली राहतं ते यामुळेच. पण ऑक्सिजनही याच आडवाटेने निसटतो. खाली जाणाऱ्या रक्तातला ऑक्सिजन टोकापर्यंत पोचण्याआधीच शेजारून वर जाणाऱ्या रक्तात उतरतो आणि परत फिरतो. मीठ राखणारी युक्तीच ऑक्सिजन हिरावून घेते.

कॉर्टेक्समध्ये ऑक्सिजनचा दाब साधारण ५० मिलिमीटर पारा असतो. गाभ्याच्या बाहेरच्या भागात तो १० ते २० वर येतो. आणि नेमक्या याच भागात हेन्लेच्या पाशाची ती जाड चढती नळी मीठ ओढण्याचं सगळ्यात कष्टाचं काम करत असते. मिळालेल्या ऑक्सिजनपैकी जवळजवळ ८० टक्के इथे खर्ची पडतो. सगळी किडनी मिळून पाहिली तर ती आलेल्या ऑक्सिजनचा लहानसाच हिस्सा वापरते. म्हणून वरवर पाहणाऱ्याला वाटतं, हिला कशाची कमी आहे? कमी आत आहे. गाभा रोज, निरोगी माणसातसुद्धा, काठावर जगतो. त्याहून खोल टोकाजवळच्या पेशी तर बरीचशी ऊर्जा ऑक्सिजनशिवाय, ग्लुकोज फोडून मिळवतात. चौपट खारट भोवतालात आक्रसून जाऊ नये म्हणून त्या सॉर्बिटॉल, इनोसिटॉल, बीटाइन यांसारखे निरुपद्रवी पदार्थ आत साठवून समतोल राखतात.

मग रक्त वाढवावं, असं वाटणं साहजिक आहे. पण वाढवलं की मीठ धुऊन जाईल. म्हणून गाभा दुसऱ्या मार्गाने तोल सांभाळतो. ऑक्सिजन फार खाली गेला की तिथल्याच पेशी प्रोस्टाग्लँडिन, नायट्रिक ऑक्साइड, ॲडेनोसिन असे पदार्थ सोडतात. त्यांनी वाहिन्या थोड्या सैल होतात, आणि प्रोस्टाग्लँडिनमुळे मिठाचे पंपही जरा मंदावतात. पुरवठा थोडा वाढतो, खर्च थोडा घटतो. या बारीक समायोजनावर गाभ्याचा जीव टिकून असतो, आणि ते हिरावून घेतलं की काय होतं ते दवाखान्यात दिसतं.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत. अंगात पाणी भरपूर आणि किडनी धड असताना एखादी गोळी सहसा निभावून जाते. पण जुलाब, उलट्या, कडक ऊन, ताप यांनी शरीर कोरडं पडलेलं असतं, तेव्हा गाभ्यातला रक्तप्रवाह आधीच आवळलेला असतो, आणि प्रोस्टाग्लँडिन हाच त्याचा मोठा आधार असतो. नेमकं तेव्हाच अंग दुखतं म्हणून माणूस गोळी घेतो. रक्तदाबाची काही औषधं आणि लघवी वाढवणारं औषध चालू असेल तर धोका आणखी वाढतो. विसाव्या शतकात फेनॅसिटिन असलेली वेदनाशामक मिश्रणं वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्यांच्या किडनीतल्या पिरॅमिडची टोकं मरून गळून पडत. अमेरिकेत हे औषध १९८३ मध्ये बाजारातून काढलं गेलं. म्हणून कोरड्या अंगाने अशी गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, असं मी मनापासून सांगतो.

सिकलसेल या आजारात तर ही सगळी गोष्ट उघडी पडते. त्यातली सदोष लाल पेशी ऑक्सिजन कमी झाला, भोवताल खारट आणि आम्लधर्मी झाला की विळ्यासारखी वाकडी होते. या तिन्ही गोष्टी एकत्र कुठे असतात? गाभ्यातल्या सरळ वाहिन्यांत. तिथे पेशी अडकतात, वाहिन्या बुजत जातात आणि लघवी तीव्र करण्याची ताकद लहानपणापासूनच कमी होते. मूल बिछाना ओला करतं, ते आळसाने नव्हे. अशा लहान मुलांना निरोगी रक्त चढवल्यावर ही ताकद काही काळ परत येते, असं विसाव्या शतकाच्या मध्यात दिसून आलं. नळ्या त्याच, हार्मोन तेच; फक्त रक्त बदललं आणि लघवी तीव्र झाली. पण दहा-पंधरा वर्षांचं वय ओलांडल्यावर रक्त चढवूनही उपयोग होत नाही, कारण तोवर वाहिन्या कायमच्या गेलेल्या असतात. लघवी तीव्र होण्यात रक्तप्रवाहाचा वाटा किती मोठा आहे, याचा याहून बोलका पुरावा मला माहीत नाही.

उलट बाजूचंही उदाहरण आहे. काही जण तहान नसताना, दिवसेंदिवस, खूप जास्त पाणी पितात. त्यांच्या गाभ्यातलं मीठ आणि युरिया हळूहळू धुऊन जातात. मग अचानक पाणी थांबवलं तरी लघवी लगेच तीव्र होत नाही. व्हॅसोप्रेसिन येतं, दारं उघडतात, पण पलीकडे ओढणारं काही उरलेलं नसतं. पाणी बेताचं झाल्यावर ढीग पुन्हा रचला जातो, त्याला काही दिवस लागतात.

फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध जाड चढत्या नळीतली मीठ ओढण्याची क्रियाच थांबवतं. ढीग कोसळतो आणि लघवी भराभर वाढते. त्याच वेळी ऑक्सिजनचा खर्च थांबल्याने गाभ्यातला ऑक्सिजन वाढतो. एमआरआयच्या एका खास तंत्राने हे माणसांतही पाहिलं गेलं आहे. मग या औषधाने संकटातली किडनी वाचवता येईल, अशी आशा होती. रुग्णांवरच्या अभ्यासांत ती खरी ठरली नाही. काम थांबवून विश्रांती मिळते, पण जगायला रक्त लागतंच.

वयाचाही यात भाग आहे. नवजात बाळाचे पाश आखूड असतात, आणि वाढीसाठी ते प्रथिनं वापरून टाकत असल्याने युरियाही कमी असतो. त्याची लघवी ४०० ते ६०० पर्यंतच तीव्र होते, म्हणून जुलाबात बाळ इतकं झपाट्याने कोरडं पडतं. वर्षभरात ही ताकद मोठ्यांच्या जवळ येते. उतारवयात ती पुन्हा ओसरते, तरुणपणी ११०० च्या वर जाणारी लघवी सत्तरीत ९०० च्या आसपास थांबते. त्यातच तहानेची जाणीवही बोथट होते. त्यामुळे लघवी फिकट दिसते म्हणजे पाणी पुरेसं आहे, हा तरुणांना लागू पडणारा अंदाज म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत फसतो. शरीर कोरडं पडलेलं असतानाही त्यांची लघवी फिकट असू शकते. उन्हाळ्यात किंवा जुलाब लागले असता घरातल्या आजी-आजोबांच्या लघवीच्या रंगावर विसंबू नका. ते दिवसभरात किती प्यायले ते मोजा, आणि ते गळून गेलेत का, बोलण्यात घोटाळतात का, उभं राहताना चक्कर येते का, ते पाहा.